कवळाण्याचा गोपाळ राजा कसा झाला?

गंगाखेडच्या आमच्या वस्तीतील वाचनालयात भीमजयंतीनिमित्त व्याख्यान ठेवले होते. विषय होता बाबासाहेबांचे शिक्षण. वक्त्यांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीचा उल्लेख केला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. व्याख्यान संपल्यावर बारावीत शिकणारी एक मुलगी उभी राहिली. तिने विचारले, की राजा जर इतका चांगला होता, तर बाबासाहेबांना राजेच नकोत असे का वाटले? आणि हा चांगला राजा निवडला तरी कोणी? सभेत क्षणभर शांतता पसरली. वक्त्यांना परभणीची गाडी गाठायची होती. त्यांनी घाईघाईत काहीतरी सांगितले आणि ते निघून गेले. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र राहून गेले. चळवळीतल्या माणसाने असा प्रश्न उधार ठेवू नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

राजाच्या पोटी राजा जन्मतो, असे आपल्याला वाटते. पण राजाला मुलगाच नसेल तर? तेव्हा दत्तक घेतला जाई. म्हणजेच राजाची निवड होई. इंग्रजांनी आधी दत्तक नामंजूर करून संस्थाने गिळंकृत केली. १८४८ साली सातारा गेले, मग झाशी गेली, नागपूर गेले. १८५७ च्या उठावाने इंग्रजांचे डोळे उघडले आणि पुढे त्यांनी संस्थानिकांना दत्तक घेण्याच्या सनदा दिल्या. मात्र दत्तकाला मंजुरी देण्याचा अधिकार स्वतःच्याच हातात ठेवला. राजवाड्याने निवडायचे आणि साहेबाने शिक्का मारायचा, अशी ही रीत होती.

तीन पोरे, एक गादी

बडोद्याचे खंडेराव महाराज १८७० साली वारले. तेव्हा महाराणी जमनाबाई गरोदर होत्या. मुलगा झाला असता तर तो जन्मताच राजा ठरला असता. मुलगी झाली! मुलगी गादीवर बसू शकत नव्हती. झाले, खंडेरावांचे भाऊ मल्हारराव यांची गादी पक्की झाली. हेच मल्हारराव भावाच्या जिवावर उठल्याच्या आरोपावरून आधी कैदेत होते. म्हणजे कैदेतला माणूस राजा झाला आणि नुकतीच जन्मलेली एक निष्पाप मुलगी केवळ मुलगी म्हणून बाजूला पडली. मनूच्या कायद्याने चालणाऱ्या राज्यात याहून वेगळे काय होणार?

मल्हाररावांच्या कारभाराने बडोदे त्रस्त झाले. १८७४ साली इंग्रज रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष कालवल्याचा आळ त्यांच्यावर आला. चौकशीसाठी सहा जणांचे कमिशन बसले, तीन इंग्रज आणि तीन भारतीय. इंग्रजांनी दोषी धरले, भारतीयांनी दोष सिद्ध झाला नाही असे मत दिले. तीन विरुद्ध तीन! तरीही एप्रिल १८७५ मध्ये इंग्रज सरकारने गैरकारभाराचे कारण दाखवून मल्हाररावांना पदच्युत केले आणि मद्रासला पाठवून दिले. राजा करणाराही साहेब आणि राजा उतरवणाराही साहेबच!

आता रिकाम्या गादीवर कोण? खंडेरावांच्या विधवा जमनाबाईंना गायकवाड घराण्यातील मुलगा दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. नाशिक जिल्ह्यातील मालेगावजवळच्या कवळाणे या खेड्यात गायकवाडांची एक दूरची शाखा शेती करून राहत होती. त्यातले काशीराव आपले तीन मुलगे घेऊन बडोद्याला आले. आनंदराव, गोपाळराव आणि संपतराव. वंशावळीची चौकशी झाली, मुले पारखली गेली. कशासाठी आलात, असे तिघांनाही विचारले गेले आणि मधल्या गोपाळाने न अडखळता आपण राज्य करायला आलो आहोत असे सांगितले, अशी गोष्ट आजही सांगितली जाते. गोष्ट खरी असो वा नसो, निवड गोपाळाची झाली हे खरे आहे. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले. काल गुरांमागे फिरणारा, अक्षरओळखही धड नसलेला बारा वर्षांचा पोरगा सयाजीराव महाराज झाला.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. या निवडणुकीत मतदार किती होते? एक विधवा राणी आणि एक परके सरकार. उमेदवार किती? तीन पोरे, तीही एकाच रक्ताची. आणि प्रजा किती होती? बडोदे संस्थानाची लोकसंख्या तेव्हा सुमारे वीस लाख होती. या वीस लाखांपैकी एकालाही कोणी विचारले नाही. बडोद्याच्या महारवाड्याला, ढेडवाड्याला, भंगीवाड्याला तर गादीवर नवा राजा बसला हे हत्तीवरून साखर वाटली गेली तेव्हाच कळले असेल, आणि ती साखर तरी त्यांच्या ओंजळीपर्यंत पोहोचली असेल का?

निवड चुकली नाही

पण सत्य ते सांगितलेच पाहिजे. ही निवड चुकली नाही. दिवाण सर टी. माधवराव कारभार पाहत होते आणि इलियट नावाचे शिक्षक या शेतकऱ्याच्या मुलाला घडवत होते. सहा वर्षे त्याने रात्रंदिवस अभ्यास केला. २८ डिसेंबर १८८१ रोजी त्याच्या हाती पूर्ण सत्ता आली, तेव्हा तो अवघा अठरा वर्षांचा होता. ज्या वयात आपली मुले कॉलेजचा फॉर्म भरतात, त्या वयात सयाजीरावांनी राज्य हाती घेतले आणि लगेच अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा काढल्या. सवर्ण शिक्षक तिथे शिकवायला तयार होईनात, तर मुसलमान आणि पुढे आर्यसमाजी शिक्षक नेमले. पुस्तके दिली, वसतिगृहे काढली.

१८९३ साली अमरेली तालुक्यातील गावांमध्ये त्यांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ साली तो सबंध संस्थानाला लागू केला. मुलांना आणि मुलींनाही! ज्या राज्यात मुलगी झाली म्हणून गादी गेली, त्याच राज्यात मुलीला शाळेत घालणे सक्तीचे झाले. इंग्रजी मुलखात गोपाळ कृष्ण गोखल्यांनी असेच विधेयक १९११ साली आणले, पण ते मंजूर होऊ शकले नाही. सयाजीरावांनी गावोगाव वाचनालये उघडली, कलाभवन काढले, विधवाविवाहाचा आणि बालविवाह प्रतिबंधाचा कायदा केला. १९०८ साली बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. १९१८ साली मुंबईत भरलेल्या अस्पृश्यता निवारण परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. राजा असावा तर असा, असे कोणालाही वाटावे.

आणि आपल्यासाठी सर्वात मोठी गोष्ट. कृष्णराव अर्जुन केळुस्करांनी शब्द टाकला आणि सयाजीरावांनी एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. १९१३ साली त्याच तरुणाला अमेरिकेला पाठवले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. परत आल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करायची, असा करार ४ जून १९१३ रोजी झाला. कोलंबिया विद्यापीठाची दारे त्या कराराने उघडली. हे ऋण आंबेडकरी समाजाने कधी नाकारले नाही आणि नाकारूही नये.

राजाचा हुकूम आणि चपराशाची फाईल

पण गोष्ट इथे संपत नाही. १९१७ साली बाबासाहेब करार पाळायला बडोद्याला गेले. एम. ए. होऊन, अर्थशास्त्राचा प्रबंध लिहून गेले. महाराजांच्या मनात त्यांना मोठी जागा देण्याचा विचार होता. झाले काय? कचेरीतले चपराशी लांबूनच त्यांच्या टेबलावर फायली फेकत. प्यायला पाणी मिळेना. शहरात राहायला खोली मिळेना. नाव लपवून एका पारशी वसतिगृहात राहावे लागले आणि ते उघडकीस येताच लाठ्याकाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. महाराजांकडे अर्ज गेला, महाराजांनी दिवाणांकडे पाठवला, दिवाणांनी असमर्थता दाखवली. कामाठी बागेतल्या झाडाखाली बसून बाबासाहेबांनी अश्रू ढाळले आणि समाजाच्या मुक्तीचा निर्धार केला. २३ सप्टेंबर हा दिवस आपण म्हणूनच संकल्प दिन म्हणून पाळतो.

जरा विचार करा. राजा चांगला होता. राजाने पैसे दिले होते. राजाचा हुकूम संस्थानात चालत होता. पण त्या हुकमाला चपराशाच्या हातातल्या फाईलमध्ये उतरता आले नाही. का? कारण राजाची दया ही वरून खाली येते आणि वाटेत प्रत्येक पायरीवर जात बसलेली असते. दया अडवली गेली तर दाद कोणाकडे मागणार? पुन्हा राजाकडेच! आणि राजा दिवाणाकडे बोट दाखवणार. बाबासाहेबांच्या हातात बडोद्यात शिष्यवृत्तीचा कागद होता, हक्काचा कागद नव्हता. दान आणि हक्क यांतला हा फरक त्यांना पुस्तकाने शिकवला तसा बडोद्याने अनुभवानेही शिकवला.

१९१९ साली साउथबरो कमिटीपुढे त्यांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली. मालमत्तेच्या आणि शिक्षणाच्या अटीवर मताचा हक्क देणाऱ्या व्यवस्थेत ज्याच्याकडून दोन्ही हिरावले गेले, त्याने काय करायचे, हा त्यांचा सवाल होता. सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. १९३० सालच्या गोलमेज परिषदेला सयाजीराव आणि बाबासाहेब दोघेही हजर होते. एक संस्थानिक म्हणून, दुसरे अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून. पुढे गोलमेज परिषदेत हिंदुस्थानच्या संघराज्याची चर्चा चालली असताना संस्थानांचे प्रतिनिधी राजांनी नेमावेत की प्रजेने निवडावेत, हा प्रश्न पुढे आला. बाबासाहेब प्रजेच्या बाजूने उभे राहिले. बिकानेरच्या महाराजांना ते रुचले नाही. ज्याच्या अंगावर एका राजाच्या शिष्यवृत्तीचे ऋण आहे, तोच माणूस सर्व राजांच्या नेमणुकीचा हक्क नाकारत होता!

तरीही १९३५ च्या कायद्याने ठरवलेल्या संघराज्यात खालच्या सभागृहाच्या ३७५ जागांपैकी १२५ आणि वरच्या सभागृहाच्या २६० पैकी १०४ जागा संस्थानांना मिळाल्या, आणि त्या राजांनी नेमून भरायच्या होत्या. प्रजेने एकही नाही! २९ जानेवारी १९३९ रोजी पुण्याच्या गोखले सभागृहात बाबासाहेबांनी या योजनेची चिरफाड केली. त्यानंतर आठच दिवसांनी, ६ फेब्रुवारी १९३९ रोजी, मुंबईत सयाजीरावांचे निधन झाले. यात कृतघ्नता आहे का? मुळीच नाही. उपकार एका माणसाचे होते, विरोध एका पद्धतीला होता. चांगल्या राजाबद्दल कृतज्ञ राहूनही राजेपण नाकारता येते, हे बाबासाहेबांनी कृतीने दाखवले.

पुढचा राजा

बाबासाहेबांचे म्हणणे किती खरे होते, हे बडोद्यानेच सिद्ध केले. सयाजीरावांचे थोरले चिरंजीव फत्तेसिंहराव आधीच वारले होते. त्यामुळे नातू प्रतापसिंहराव गादीवर आले. या वेळी तर तीन पोरांमधून निवड करण्याचीही गरज पडली नाही. रक्त तयार होते! दुसऱ्या लग्नाला बंदी करणारा कायदा बडोद्यात असतानाही या महाराजांनी १९४३ साली दुसरे लग्न केले. राजाला कायदा लागू नाही, हीच त्यामागची भूमिका. घोड्यांच्या शर्यतींवर आणि दागदागिन्यांवर संस्थानाचा पैसा उधळला गेला. १९४९ साली बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५१ साली भारत सरकारने प्रतापसिंहरावांची मान्यता काढून घेतली. आजोबाने प्रजेसाठी वाचनालये उघडली, नातवाने प्रजेच्या पैशावर घोडे पाळले. दोघांपैकी एकालाही प्रजेने निवडले नव्हते. म्हणूनच पहिला लाभला हे प्रजेचे नशीब आणि दुसरा वाट्याला आला हेही प्रजेचे नशीबच. नशिबावर राज्य चालवायचे नसेल, तर मतपेटीला पर्याय नाही.

जगात आजही निवडलेले राजे आहेत. मलेशियात नऊ राज्यांचे वंशपरंपरागत राज्यकर्ते दर पाच वर्षांनी गुप्त मतदानाने आपल्यातल्या एकाला देशाचा राजा निवडतात. १९५७ पासून ही पद्धत चालू आहे. व्हॅटिकनमध्ये पोपची निवड ऐंशी वर्षांखालील कार्डिनल करतात, दोन तृतीयांश मते लागतात. मे २०२५ मध्ये १३३ कार्डिनलांनी लिओ चौदावे यांना निवडले. मतदान तिथेही आहे, मतपत्रिकाही आहे. पण मतदार कोण? तिथे नऊ राजे, इथे १३३ धर्मगुरू, एकही बाई नाही. म्हणजे नुसते मतदान झाले म्हणून लोकशाही होत नाही. मतदार कोण आणि उमेदवार कोण होऊ शकतो, हे विचारावे लागते.

आपल्या भूमीला हे नवे नाही. दीघनिकायातील अग्गञ्ञ सुत्तात तथागत पहिल्या राजाची कथा सांगतात. शेतात चोऱ्या होऊ लागल्या, भांडणे वाढली, तेव्हा लोक एकत्र जमले आणि त्यांनी आपल्यातल्याच योग्य माणसाला निवडले. बदल्यात धान्याचा वाटा देण्याचे ठरले. त्याचे नाव महासम्मत, म्हणजे बहुजनांनी संमती दिलेला. तो देवाचा अवतार नव्हता, कोणाच्या मुखातून किंवा बाहूतून जन्मलेला नव्हता. लोकांनी कामावर ठेवलेला माणूस होता. बाबासाहेबांनी बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात शाक्यांच्या संघाचे चित्र रंगवले आहे. शाक्यांचा राजा आळीपाळीने होई आणि युद्धासारखा प्रश्न संघाच्या मतदानाने ठरे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध करायला सिद्धार्थाने विरोध केला, बहुमत विरुद्ध गेले आणि त्याने गृहत्याग पत्करला. पण संघाचा मताचा अधिकार त्याने नाकारला नाही.

गंगाखेडला राजा कोण?

आता गोदावरीच्या काठावर या. गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमी. दुसऱ्याच्या घरी दळणकांडण करत जन्म गेलेल्या या दासीचे शब्द आज घराघरांत आहेत, पण तिच्या काळात राज्य कोणाचे असावे हे तिला कोणी विचारले नाही. तिच्यानंतर सहाशे वर्षांनीही तिच्या गावाला कोणी विचारले नाही. १९११ साली हैदराबादच्या गादीवर बाप गेला म्हणून मुलगा, मीर उस्मान अली खान, बसला आणि गंगाखेड त्याची प्रजा झाले. पोलीस कारवाई होऊन १७ सप्टेंबर १९४८ ला निजामशाही संपेपर्यंत ती प्रजाच राहिली. पुढे संविधान आले, कलम ३२६ आले आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत गंगाखेडच्या बौद्धवाड्यातल्या, तेव्हाच्या महारवाड्यातल्या, आजीबाईच्या मताला आणि गढीवरच्या देशमुखाच्या मताला एकच किंमत मिळाली. ना जमीन विचारली, ना शिक्षण, ना रक्त.

आणि याच मताने काय केले? १९५२ साली मुंबईत बाबासाहेबांचाच पराभव केला. १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा पराभव केला. ज्याने सर्वांना मताचा हक्क मिळवून दिला, त्यालाच त्या हक्काने हरवले. ते दुःख आजही आपल्या उरात आहे. पण त्यांनी ना संविधानाला दोष दिला, ना आपल्यासाठी वेगळी गादी मागितली. राजाने दिलेली खुर्ची आणि लोकांनी नाकारलेली खुर्ची, या दोन्हींचा अनुभव घेतलेला हा महामानव अखेरपर्यंत लोकांच्याच बाजूने राहिला.

आज आपण काय करतो आहोत? निवडणूक आली की आमदाराचा मुलगा, खासदाराची सून, कारखान्याच्या अध्यक्षाचा पुतण्या असे उमेदवार पुढे येतात. कवळाण्याच्या तीन पोरांपैकी एक निदान तोंडी परीक्षा देऊन गादीवर गेला होता. आताच्या युवराजांना तीही द्यावी लागत नाही. आपण रांगेत उभे राहतो, बोटाला शाई लावून घेतो आणि पाच वर्षांसाठी राजा निवडून येतो. आदल्या रात्री पाकीट घेणारा माणूस तर मतदार राहतच नाही. त्याची किंमत चुकती झालेली असते. दुसऱ्या दिवशी वस्तीत नळ नाही म्हणून तो कोणत्या तोंडाने विचारणार? आणि हे फक्त प्रस्थापितांच्या घरात चालते असे समजू नका. आपल्या चळवळीतही फोटोला हार घालून नेत्याला प्रश्न विचारण्याचे टाळणारे कमी नाहीत. राजकारणातली व्यक्तिपूजा अधोगतीला आणि शेवटी हुकूमशाहीला नेते, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. तो इशारा आपल्यालाही होता.

१९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले. तेच आजचे मिलिंद. मराठवाड्यातल्या, आपल्या परभणी-गंगाखेडच्याही कितीतरी घरांतला पहिला पदवीधर तिथून बाहेर पडला. बडोद्याच्या राजाने एका भीमरावाला शिकवले. त्या भीमरावाने शिष्यवृत्ती हा राजाच्या मर्जीचा विषय राहू नये, म्हणून तिला कायद्याचे बळ मिळवून दिले. आज ती शिष्यवृत्ती महिनोन्‌महिने रखडते तेव्हा आपली मुले महाराजांच्या दरबारात अर्ज घेऊन जात नाहीत, मोर्चा काढतात. हाच तो फरक आहे.

वाचनालयातल्या त्या मुलीला म्हणून एवढेच सांगायचे आहे. सयाजीराव चांगले होते, त्यांना वंदन कर. त्यांना एका राणीने आणि एका परक्या सरकारने निवडले. तुला अठरा वर्षे पूर्ण होतील, तेव्हा तुझे नाव मतदार यादीत असेल. ज्या वयात सयाजीरावांच्या हाती राज्य आले, त्याच वयात तुझ्या हाती ते येणार आहे. तेव्हा राजा निवडू नकोस, सेवक निवड. त्याला पाच वर्षे जाब विचार. आणि एक दिवस त्या यादीत उमेदवार म्हणूनही तुझे नाव दिसू दे.

जयभीम!